सहावा विषय

पुणे,
रविवार सकाळ

प्रिय बंड्या,

तुझा फोन आला तेव्हा मी मंडईत होतो. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात मेथीची जुडी, आणि तू विचारत होतास, "बारावीला पंच्याण्णवच्या वर जायचं तर कुठले विषय घ्यायचे, तेवढं फक्त सांग." संध्याकाळी सांगतो म्हणालो आणि केला नाही फोन. कारण फोनवर तू ऐकत नाहीस, बोलतोस. पत्र मध्येच तोडता येत नाही, म्हणून पत्र.

आधी तुझ्या लेकीला, सईला, शाबासकी. ५०० पैकी ४८२ म्हणजे गंमत नाही. पेढे पोचले, त्यातले निम्मे आमच्या आईने डायबेटिस विसरून खाल्ले. पण बंडोपंत, त्या ९६.४ टक्क्यांकडे एकदा नीट बघ. दहावीला 'बेस्ट ऑफ फाइव्ह' असतं. सहा विषयांतला जो सगळ्यात कमी, तो बोर्ड मुकाट्याने बाजूला ठेवतं. सईचा कुठला गळला? मी मार्कशीटचा फोटो मोठा करून पाहिला. मराठी, ८४. बारावीला ही उशी नाही. सहाच्या सहा विषय मोजतात, एकूण ६००. म्हणजे सहा मार्क गेले की एक टक्का गेला. हा हिशोब वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव, पुढे सारखा लागणार आहे.

आता तुझा प्रश्न. तो चुकीचा नाही, जुना आहे. तुझ्या-माझ्या बारावीत इंजिनिअरिंगची लिस्ट लागायची ती बोर्डाच्या ग्रुपवर. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, ३०० पैकी किती. एक मार्क इकडचा तिकडे झाला की माणूस पुण्याऐवजी दुसऱ्या गावात. तेव्हा 'स्कोअरिंग विषय' हा शब्द देवाच्या नावासारखा घेतला जायचा. तू अजून त्याच रांगेत उभा आहेस आणि खिडकी कधीच हलली आहे.

सीओईपीचं, म्हणजे पुण्याच्या त्या नावाजलेल्या इंजिनिअरिंग कॉलेजचं, नाव तू फोनवर तीनदा घेतलंस. तिथे जायचं तर सीईटी, राज्याची प्रवेश परीक्षा. १५० प्रश्न, २०० मार्क. मॅथ्सचे ५० प्रश्न दोन-दोन मार्कांचे, म्हणजे निम्मा पेपर एकटं मॅथ्स. चुकलं तर मार्क कापत नाहीत. पाचातला एक प्रश्न अकरावीच्या पुस्तकातून येतो. त्या यादीत बारावीचं मार्कशीट कशाला लागतं? खुल्या गटाला पीसीएममध्ये, म्हणजे त्या तीन विषयांत मिळून, ४५ टक्के आहेत ना, मुख्यतः एवढं बघायला. एनआयटीसाठी, म्हणजे केंद्राच्या इंजिनिअरिंग कॉलेजांसाठी, जेईई दिली तर बारावीला ७५ टक्क्यांची अट आहे, ती सई झोपेत पार करेल. डॉक्टर व्हायचं तर 'नीट' ही परीक्षा, ७२० मार्कांची, आणि तिथे चुकीच्या उत्तराला मार्क कापतात. मग ९५ टक्के कुठे विचारतात? बी.एस्सी.ला चांगल्या कॉलेजात जागा मिळवताना. इन्स्पायर स्कॉलरशिपसाठी, जी बोर्डातल्या वरच्या एक टक्क्यातल्या आणि मूलभूत विज्ञान शिकणाऱ्या मुलांना वर्षाला ८०,००० देते. आणि तुमच्या गल्लीतल्या फ्लेक्सवर. फ्लेक्ससाठीच हवे असतील तर तसं सांग, मी रागावणार नाही.

तुला माझं जर्मन आठवतं का? आठवतच असणार, खोलीत तूच हसून लोळायचास. कराडहून आपण आलो, सदाशिव पेठेत ती जिन्याखालची खोली घेतली, आणि वरच्या मजल्यावरच्या एका सीनियरने सांगितलं, "जर्मन घे, पैकीच्या पैकी." घेतलं. वर्गात गेलो तर आजूबाजूची सगळी पुण्याची पोरं, आठवीपासून जर्मन शिकलेली, काहींनी वर रानडे इन्स्टिट्यूटमध्ये वेगळा कोर्स केलेला. त्यांना खरंच पैकीच्या पैकी होतं. मी मात्र टेबल पुल्लिंगी का आणि मुलगी नपुंसकलिंगी का या प्रश्नावर वर्षभर अडकलो. मला ५८ पडले. ते ५८ ग्रुपमध्ये धरले जात नव्हते, म्हणजे तसं नुकसान शून्य. खरं नुकसान संध्याकाळचं झालं. रोज दीड तास जर्मन पाठ करायचो, तो दीड तास फिजिक्सचा होता, आणि फिजिक्स ग्रुपमध्ये होतं. मी केमिस्ट्रीचा मास्तर झालो ते बरंच झालं, पण ते काही ठरवून झालं नाही.

तेव्हापासून कुणी 'स्कोअरिंग' म्हणालं की मी विचारतो, कुणाला? संस्कृत स्कोअरिंग आहेच, ज्याने दहावीला शंभर मार्कांचं संपूर्ण संस्कृत केलंय त्याला. सईने तर शाळेत हिंदी घेतली होती. आयटी घेता येतं भाषेच्या जागी, परीक्षा कॉम्प्युटरवरच होते, आणि निबंधाला हात दुखत नाही. आमच्याकडची सायन्सची निम्मी मुलं तेच घेतात. सईला ते सोपं जाईल. मराठी घेतलं तर ८० च्या वर जायला कष्ट आहेत. आयटीला ९४ आणि मराठीला ८२ धरले तर फरक १२ मार्कांचा, म्हणजे दोन टक्के. दोन टक्क्यांसाठी मातृभाषा सोडायची का, हे तुम्ही बापलेकीने ठरवा. मला स्वतःला वाईट वाटतं, पण माझ्या मुलाने आयटीच घेतलं आणि मी सही केली.

बायफोकलचंही तू ऐकलं असशील. कॉम्प्युटर सायन्स, इलेक्ट्रॉनिक्स वगैरे. तो विषय २०० मार्कांचा असतो, म्हणजे दुसरी भाषा आणि एक पर्यायी विषय अशी दोघांची जागा एकटा घेतो. त्यात प्रॅक्टिकलचा वाटा मोठा, त्यामुळे मार्क चांगले पडतात हे खरं. जागा मोजक्या, बऱ्याच ठिकाणी फी वेगळी. सीईटीला त्यातलं काहीही येत नाही. मला विचारशील तर पोरीला खरंच प्रोग्रामिंगची आवड असेल तरच.

आता मुद्द्याचं. मागच्या आठवड्यात सईने मला वेगळा मेसेज केला होता, हे तुला ठाऊक नाही. तिने लिहिलं, "काका, सायन्सला भूगोल ठेवता येतो का? बाबांना विचारलं तर ते म्हणतात, भूगोल कसला घेतेस." बंड्या, ठेवता येतो. इंग्रजी, एक भाषा किंवा आयटी, फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स हे पाच झाले. सहाव्या जागी लोक डोळे मिटून बायोलॉजी लिहितात, का तर इंजिनिअरिंग आणि मेडिकल, दोन्ही दारं उघडी राहतात. दोन्ही दारं उघडी ठेवून उंबरठ्यावरच दोन वर्षं काढलेली मुलं मी दरवर्षी बघतो. दुपारी फिजिक्सचं प्रॅक्टिकल, दुसऱ्या दिवशी केमिस्ट्री, तिसऱ्या दिवशी बेडकाच्या आकृत्या, वर क्लास, आणि शेवटी प्रवेश घ्यायचा तो एकाच दारातून. तुझ्या बहिणीच्या दवाखान्यात सई सुट्टीत बसायची ना? तिला सरळ विचार, डॉक्टर व्हायचंय का. 'बघू' असं उत्तर आलं तर ते नाही असं धर.

भूगोलाचा पेपर ८० चा, २० मार्कांचं प्रॅक्टिकल. नकाशे, टोपोशीट (जमिनीचे चढउतार दाखवणारा सविस्तर नकाशा), आकडेवारीचे आलेख. जिला नकाशा वाचायला आवडतो तिला तो अभ्यास वाटतच नाही, आणि रात्री साडेदहाला डोळे मिटायला लागल्यावर जे पुस्तक हातात राहतं त्याचेच मार्क येतात. सिव्हिल इंजिनिअरिंगला गेली तर उपयोग, फर्ग्युसनला भूगर्भशास्त्र घेऊन बी.एस्सी. केली तर जास्तच.

एकच अडचण मला दिसते, ती लपवत नाही. पाषाणला आयसर आहे, निव्वळ विज्ञान शिकायला पुण्यात त्याहून चांगली जागा मला माहीत नाही. त्यांच्या प्रवेश परीक्षेत ६० प्रश्न असतात आणि चार विषयांचे सारखे पंधरा-पंधरा: फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स आणि बायोलॉजी. तू बारावीला बायोलॉजी घेतलीस की नाही हे ती परीक्षा विचारत नाही, पंधरा प्रश्न समोर येतातच. सईच्या मनात आयसर असेल तर भूगोलाचा मोह महाग पडेल. म्हणून हा प्रश्न आधी, बाकीचं नंतर. तिला मी मेसेजवर विचारलंय. उत्तर अजून आलेलं नाही, दोन निळ्या टिका मात्र आल्यात.

आणि ज्या मार्कांसाठी तू एवढा जीव टाकतोयस ते जातात कुठे, हे पेपर तपासणाऱ्याकडून ऐक. विषय चुकल्याने फार थोडे जातात. केमिस्ट्रीचा लेखी पेपर ७० चा. पहिल्या प्रश्नात दहा पर्याय, एकेक मार्क. तिथे नुसतं 'ब' लिहून चालत नाही, अक्षराबरोबर उत्तरही लिहायचं असतं, आणि खाडाखोड करून दुसऱ्यांदा लिहिलं तरी तपासतात ते पहिलंच. हे प्रश्नपत्रिकेवर छापलेलं असतं. दरवर्षी हुशार पोरं न वाचता सुटतात आणि पहिल्याच पानावर तीन-चार मार्क ठेवून जातात. मग समीकरण संतुलित न करणं, उत्तराला एकक न लिहिणं, 'कारणे द्या'मध्ये कारण सोडून पाल्हाळ. एका गठ्ठ्यात एका मुलाने सगळी गणितं बरोबर सोडवली होती आणि एकाही उत्तरापुढे एकक नव्हतं. मी अर्धा अर्धा मार्क कापत गेलो आणि मलाच वाईट वाटत होतं.

इंग्रजीकडे दुर्लक्ष तर सार्वत्रिक. सायन्सवाल्यांना तो विषय वाटतच नाही. प्रिलिमच्या आदल्या रात्री गाइड उघडतात. ९० च्या घरातली मुलं इंग्रजीत ७६ वर येऊन आपटतात आणि मग फिजिक्सला शिव्या देतात. दोन वर्षं आठवड्याला एक पत्र, एक सारांश, एवढं सईने लिहून काढलं तर तू ज्या दोन टक्क्यांसाठी भाषा बदलायला निघालास ते इथेच सापडतील.

प्रॅक्टिकलचे मार्क मिळतात म्हणून लोक बिनधास्त असतात. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीला ३० असतात, मॅथ्सला २०. मिळतातही बहुतेकांना, पण जर्नल वेळेवर पूर्ण लागतं, आणि ब्युरेट हातात धरलेला असावा लागतो. हल्ली एक नवी पद्धत निघाली आहे, नाव एका कॉलेजात आणि पोरगं दिवसभर क्लासमध्ये. अशी मुलं परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा लॅबमध्ये येतात. परमँगनेटचं टायट्रेशन करताना एकीने मला विचारलं, "सर, यात इंडिकेटर कुठला टाकायचा?" ते स्वतःच स्वतःचा इंडिकेटर असतं, रंग दाखवणारं वेगळं काही टाकावं लागत नाही, हे तिला तोंडपाठ होतं. सीईटीत बरोबर आलंही असेल.

अकरावीच्या प्रवेशाच्या फॉर्मचं थोडक्यात. पसंतीची दहा कॉलेजं भरता येतात. पहिल्या क्रमांकावर जे लिहाल तेच लागलं तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाहेर. म्हणून पहिल्या क्रमांकावर नावाजलेलं लिहायचं आणि नंतर कळायचं की तिथे सायन्सला भूगोलच नाही, असं करू नकोस. प्रत्येक कॉलेजची विषयांची यादी आधी बघ. मी चार कॉलेजांत फोन करून ठेवलेत. दोघांकडे आहे, एकाकडे पुरेशी मुलं आली तर, आणि चौथ्याकडच्या बाईंनी तुझ्यासारखंच विचारलं, "सायन्सला भूगोल कशाला?"

आणि हो, पुण्यातच पाठवायला हवं असंही नाही. पेठेत आता कॉट बेसिसवर राहायचं भाडं ऐकलंस तर तुला आपली जिन्याखालची खोली राजवाडा वाटेल. वहिनींना काय वाटतं ते विचारलंयस का? तू फोनवर त्यांचं नाव एकदाही घेतलं नाहीस.

येत्या शनिवारी दोघं या. स्वारगेटला उतरल्यावर फोन कर, मी गाडी घेऊन येतो, रिक्षावाल्याशी भांडत बसू नकोस. दुपारी अप्पा बळवंत चौकात जाऊन अकरावीची पुस्तकं घेऊ, जुनी मिळाली तर जुनी. सईला सांग, कराडची टोपोशीट शोधून ठेवली आहे, कृष्णा आणि कोयनेचा संगम बरोबर मधोमध येतो. पुठ्ठ्याच्या नळीत घालून ठेवलीय. परतताना नळी तिच्याच हातात दे. तुझ्या हातात दिली तर तू घडी घालशील.

तुझा,
मास्तर