राउटर बदलण्याआधी लॅपटॉप तपासा

संपादक महोदय,

लॅपटॉपचे वायफाय सारखे तुटू लागले की अनेकजण थेट नवा राउटर आणतात. त्याच जागी मोबाइलवर नेट नीट चालत असेल, तर दोष आधी लॅपटॉपमध्येच शोधावा. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय अडॅप्टरच्या (लॅपटॉपमधल्या वायफाय पकडणाऱ्या भागाच्या) प्रॉपर्टीज उघडून, पॉवर मॅनेजमेंट टॅबमधली वीज वाचवण्यासाठी अडॅप्टर बंद करू देणारी टिक काढावी. हा टॅब काही लॅपटॉपांत दिसतच नाही. तिथे कंपनीच्या संकेतस्थळावरून ड्रायव्हर, म्हणजे अडॅप्टर चालवणारे सॉफ्टवेअर, घ्यावा.

यूएसबी ३.० हार्डडिस्क जोडली की नेट अडखळते का, हेही पाहावे. तिच्या केबलमधून निघणाऱ्या लहरी वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातल्या सिग्नलमध्ये अडथळा आणतात. डिस्क लांब ठेवावी किंवा वायफायचा ५ गिगाहर्ट्झ पट्टा निवडावा. मध्ये जाड भिंती असतील तर मात्र २.४च बरे, राउटरमध्ये चॅनेल (त्या पट्ट्याचा उपविभाग) १, ६ किंवा ११ ठेवावे. विक्रेत्यांनी राउटर विकण्यापूर्वी ग्राहकाला एवढे तरी विचारावे.

– एक संगणक तंत्रज्ञ, सांगली