बाबा, हिरव्या वहीतली पानं मी नेटवर टाकलीत

आई, बाबा,

फोनवर सांगितलं असतं तर बाबा मधेच "बरं, ठेव आता" म्हणाले असते, म्हणून लिहितेय. बाबांच्या शिलाई मशीन दुरुस्तीच्या हिरव्या वहीचे फोटो काढले होते ना, त्यातली 3 पानं टाइप करून ब्लॉगवर टाकलीत. विचारलं नाही, चुकलंच. पण विचारलं असतं तर नाहीच म्हणाला असता, आणि त्या वेबसाइटचं जे झालं त्यानंतर ते बरोबरही होतं. हट्ट माझा होता, डोमेन, म्हणजे साइटचा नेटवरचा पत्ता, ती बनवणाऱ्या माणसाच्या नावावर राहिलं, रिन्यू झालं नाही, त्याने फोन उचलणं सोडलं, तुमचे पैसे गेले आणि तुम्ही मला एका शब्दाने बोलला नाहीत. ते अजून टोचतं.

यावेळी पैसा लागलेलाच नाही. पानं टाकलीत ते ब्लॉगर 2003 पासून गूगलकडे आहे, फुकट आहे, फक्त पत्त्यात ब्लॉगस्पॉट येतं. पुढे स्वतःचं नाव घ्यावंसं वाटलं तर वर्षाचे डोमेनचे पैसे तेवढे, आणि ते बाबांच्याच नावावर, माझ्याही नाही. फुकटातलं कायम टिकतं असं नाही हां, मार्च 2024 मध्ये गूगलनेच दुकानदारांच्या बिझनेस प्रोफाइलवरच्या फुकट वेबसाइट बंद केल्या, म्हणून दर महिन्याला बॅकअप उतरवून ठेवायचं काम माझं.

बाबा म्हणणार, व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस आहे की. अहो ते 24 तासात जातं. आणि जिचं मशीन रात्री टाके सोडतंय तिला तुमचं नावच माहीत नाही, ती "शिलाई मशीन टाके का सोडतं" एवढंच शोधते, तिथे तुमचं पान सापडायला हवं: सुई उलटी बसलीय का, वाकलीय का, धाग्याला सुईचा नंबर बरोबर आहे का. सगळं फुकट सांगितलं तर बोलावणार कोण, असं म्हणाल. पण सुई सरळ करायचे तुम्ही आजवर कुणाकडून पैसे घेतलेत? तेवढ्यासाठी लोकांचे जिने मात्र चढता, आणि रात्री आई तुमचे गुडघे शेकत बसते. टायमिंग, म्हणजे सुई आणि हुकचा मेळ, गेलेलं मशीन कुणी वाचून नीट करत नाही, ती फोन करेलच, नंबर खाली दिलाय. लगेच नाही, शोधात वर यायला महिने जातात.

बॉबिन घरंगळली की मी पलंगाखाली शिरायचे आणि तुम्ही वरून एकेक पार्ट काय करतो ते सांगत बसायचात, आठवतं? तसंच बोला. लिहू नका. माइकचं बटण दाबलं की मराठीत टाइप होतं, चुका मी बघेन. पंधरवड्याला एक पुरे.

आई, फोटो तू काढ, उजेडात, गिऱ्हाइकाचा पत्ता त्यात येऊ देऊ नकोस. बाबांना खुर्चीवरच बसव, खाली नाही, आणि गोळी चुकवू देऊ नको. ओटीपी कुणालाच द्यायचा नाही, "गूगलमधून बोलतोय" म्हणाला तरी नाही.

अजिबात पटलं नाही तर सांगा, लगेच काढून टाकते, फक्त रागावून गप्प नका बसू. वहीचं पहिलं पान मी टाकलेलं नाही. ते आपलंच राहील.

तुमची,
चिमणी