साठ हजारांची व्हॅन म्हणे!

मा. संपादक महोदय,

कालच्या रविवार पुरवणीतला ‘साठ हजारांत स्वतःची व्हॅन’ हा लेख वाचला. लेखकाचा उत्साह दांडगा आहे, अभिनंदन. फक्त मजकूर मारुतीच्या जुन्या ओम्नीचा आणि फोटो मारुतीच्याच ईकोचा, तेवढं छापण्याआधी कुणीतरी बघायला हवं होतं. बघितलं असतं तर विम्याचा आकडाही चुकला नसता. ओम्नी ७९६ सीसीची. हजार सीसीच्या आतल्या खासगी गाडीला थर्ड पार्टी विमा २,०९४ रुपये, अधिक जीएसटी. तुम्ही छापलेले ३,४१६ हे ईकोचे.

ही चूक एक वेळ चालेल, निदान खर्च वाढवून तरी सांगितला. बाकीचा लेख खर्च दडवण्यातच गेलाय. ओम्नी २०१९ मध्ये बंद झाली. साठ हजारांत हाती येते ती २००८-०९ ची, म्हणजे पंधरा वर्षं उलटलेली. तिच्या री-पासिंगची, म्हणजे नोंदणी नव्यानं करून घ्यायची फी पूर्वी ६०० रुपये होती, २०२२ पासून ५,००० झाली. वीस वर्षांच्या पुढच्या गाडीला तर आता १०,०००. वर पर्यावरण कर, नवी नंबरप्लेट, पीयूसी आणि एजंटचं चहापाणी. सीएनजी किट असेल तर दर तीन वर्षांनी टाकीची टेस्ट. लेखात हे सगळं ‘किरकोळ कागदपत्रं’ या दोन शब्दांत उरकलंय.

आता किरकोळ कागदपत्रांचंच ऐका. आमच्या खानावळीच्या डब्यांसाठी अशीच एक ओम्नी घेतली. आरसीवर एका फायनान्स कंपनीचा बोजा, म्हणजे कर्जाची नोंद होती. विकणारा म्हणाला, ‘कर्ज कधीच फिटलंय शेठ, एनओसी आठ दिवसांत हातात देतो.’ कर्ज फिटलं होतं हे खरंच. पण ती कंपनी मधल्या काळात दुसऱ्या कंपनीत विलीन झालेली, इथली शाखा बंद, त्या गाळ्यात चष्म्याचं दुकान. कोल्हापूरची शाखा म्हणे मुंबईला मेल करा, मुंबई म्हणे मूळ कर्जदारानंच अर्ज करायचा. मूळ कर्जदार, म्हणजे आरसीवर ज्यांचं नाव ते, मुलाकडे पुण्याला. ‘अहो, मी पैसे भरलेत हो!’ एवढं बोलून फोन ठेवायचे. फायनान्स कंपनीच्या सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ नाही तर बोजा उतरत नाही, बोजा उतरेपर्यंत नाव चढत नाही, आणि नाव चढेपर्यंत ई-चलान जातंय पुण्याला. मग मात्र त्या गृहस्थांचे फोन आपणहून यायला लागले. त्यांची घालमेल रास्तच होती. आरटीओच्या दप्तरी ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईला तोच जबाबदार, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये सांगून ठेवलंय. अखेर एनओसी आली, ती आडनावातल्या चुकीसकट! ती दुरुस्त होईस्तोवर विमा संपला, गाडी दारात आणि डबे भाड्याच्या रिक्षातून. ते भाडं तुमच्या कोष्टकात कुठल्या रकान्यात बसवायचं?

पत्र्याबद्दल लेखात म्हटलंय, ‘थोडाफार गंज चालतो.’ आमच्या डेंटरनं ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅटिंग उचलून स्क्रूड्रायव्हर नुसता टेकवला, तर तो मुठीपर्यंत आत गेला. खालची जमीन दिसत होती. वर रंग कोरा करकरीत, रंगाखाली पुट्टी, आणि पुट्टीखाली वर्तमानपत्राचा बोळा. (आपलं नव्हे, खात्री करून घेतली.)

आणि ‘शाळेची मुलं नेऊन खर्च सुटेल’ हा सल्ला कुणाला विचारून छापलात? पांढऱ्या पाटीच्या गाडीतून पैसे घेऊन मुलं नेता येत नाहीत. त्याला परवाना लागतो, राज्याची २०११ ची स्कूल बस नियमावली आहे. तुमचा लेख वाचून कुणी खरंच मुलं कोंबली तर?

पुढच्या रविवारी म्हणे ‘व्हॅनची अंतर्गत सजावट’ येणार आहे. पडदे-बिडदे सावकाश लावू. आधी आरसीवर बोजाचा रकाना कुठे असतो आणि परिवहन खात्याच्या पोर्टलवर गाडीची माहिती कशी बघायची, एवढी एक चौकट छापा.

आपला,
एक खानावळवाला, मिरज

ता. क. : गेल्या रविवारच्या शब्दकोड्याचं उत्तर याही अंकात नाही. उभे सातवर आमच्याकडे घरात अजून वाद चालू आहे.