खोडलेल्या ओळीबद्दल

रविवार, रात्रीचे साडेअकरा

प्रिय नंदू,

आठ महिने झाले, मी एक ओळ लिहिली नाही. मधे फोन आला तो तुझाच, आणि तोही मी दोन मिनिटांत आटपला. रागव हवा तेवढा, पण हे पत्र शेवटपर्यंत वाच. तब्येत बरी आहे. पाठ मधूनमधून बोलते, तेवढंच.

अण्णांची वही माझ्याकडे आली आहे. तीच, लाल कापडी पुठ्ठ्याची, फिल्मचा प्रत्येक रोल धुतल्याची तारीख, तापमान आणि मिनिटं लिहिलेली. काकूंना कपाट आवरताना सापडली. म्हणाल्या, "तुम्हा दोघांपैकी कोणाकडे तरी राहू दे." त्या वहीत मी एक गोष्ट वाचली आणि तेव्हापासून मला झोप नाही.

आधी कॅमेऱ्याचं सांगतो, नाहीतर पुढचं लागणार नाही. आपण निम्मे निम्मे पैसे घालून घेतलेला पहिला डिजिटल कॅमेरा मी उघडला. तुला न विचारता. सेन्सरवर इन्फ्रारेड, म्हणजे तांबड्यापलीकडचा डोळ्यांना न दिसणारा प्रकाश, अडवणारी निळसर काच असते, ती काढून तिथे ७२० नॅनोमीटरचा, जवळजवळ तेवढाच प्रकाश आत सोडणारा फिल्टर बसवला. जपून केलं रे. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि बॅटरी काढली तरी तो लगेच उतरत नाही, म्हणून तो आधी रिकामा केला. आता फोकस नेहमीच्या खुणेवर बसत नाही. लेन्सचं छिद्र बारीक, एफ-११ ठेवायचं, रिंग केसभर सरकवत सात-आठ फोटो काढायचे, त्यात एखादा धारदार निघतो. पण जो निघतो तो पाहून तू वेडा होशील. झाडं बर्फासारखी पांढरी! मला वाटायचं हा हरितद्रव्याचा खेळ. तसं नाही, हरितद्रव्याला हा प्रकाश आरपार जातो आणि पानाच्या आतल्या पेशींमधल्या पोकळ्या तो परत फेकतात. आकाश काळंभोर, आणि माझा काळा सदरा फोटोत चक्क राखाडी. आठवतं, तू म्हणायचास "उजेड तो उजेड, त्यात काय जाती?" ये आणि बघ आता किती जाती आहेत त्या!

मग शाई तपासायचं डोक्यात आलं. बॉलपेनची बरीचशी निळी शाई विरघळलेल्या रंगाची असते, ती इन्फ्रारेडला दिसतच नाही. शिसपेन्सिलीत ग्राफाइट असतं, म्हणजे कार्बन. ती काळीच राहते. जुन्या तैलचित्रांखालचं कोळशाचं रेखाटन संग्रहालयांत असंच शोधतात. तेव्हा अण्णांची वही काढली. पहिलं पान चाचणीसाठी होतं, हे खरं. दुसरं पान चाचणीसाठी नव्हतं. ते मी मुद्दाम उघडलं.

आजीच्या रोलचं पान.

तुला तारीख सांगायला नको. नोंदीखाली दीड ओळ निळ्या पेनाने अशी गिरवून खोडलेली की कागद चकाकतोय. बोट फिरवलं तर मागच्या बाजूला खरखर लागते. एलईडी दिव्याखाली पहिला फोटो काळाकुट्ट आला, त्या दिव्यात इन्फ्रारेड जवळजवळ नसतंच. माळ्यावरून १०० वॅटचा जुना बल्ब काढला आणि पुन्हा घेतला. स्क्रीनवर पान उमटलं तेव्हा खोडणं गेलेलं होतं, वहीच्या छापील निळ्या रेघाही गेल्या होत्या. कोऱ्या पांढऱ्यावर अण्णांचं ते शिरोरेघ न दिलेलं अक्षर: "बाटल्यांच्या चिठ्ठ्या मी उलट लावल्या. पोरांचा दोष नाही."

नंदू, २३ वर्षं मी तुला दोष दिला. ३६ फोटो, आजीचे शेवटचे, आणि टाकीतून निघाली काचेसारखी स्वच्छ फिल्म. कारखान्यात कडेला छापलेले आणि फिल्म धुतल्यावर दिसणारे आकडेसुद्धा नाहीत. आकडे असते तर रोल कॅमेऱ्यात सरकलाच नाही म्हणता आलं असतं. आकडेही नाहीत म्हणजे चित्र उमटवणाऱ्या डेव्हलपरच्या आधी, उरलेली चांदी विरघळवणारा फिक्सर पडला आणि डेव्हलपरला काळं करायला चांदी उरलीच नाही. तू जीव तोडून सांगत होतास, "मी चिठ्ठी वाचूनच ओतलं!" आणि मी ओरडलो, "डेव्हलपर हाताला बुळबुळीत लागतो, तेवढंही कळलं नाही?" अण्णा दारात उभे राहून चष्मा पुसत होते. बराच वेळ पुसत होते. आत्ता आठवतंय.

मग ते अकरा महिने. मला सोमवारी बोलवायचे, तुला गुरुवारी. मला वाटायचं भांडण नको म्हणून. आता वाटतं, आपण दोघं एकदम समोर आलेलो त्यांना सोसत नव्हतं. आणि त्यांची ५० मिमीची लेन्स? तू न मागता तुला दिली, त्यावरूनही मी तुझ्याशी वाकड्यात शिरलो होतो. ती भरपाई होती रे. त्यांना तेवढंच जमलं असेल.

मला अण्णांचा राग येत नाही, येईल असं वाटलं होतं. पण त्यांनी ती ओळ लिहिली, मग खोडली, आणि मी दिवा लावून ती उकरून काढली. माणसाने झाकलेलं असं वाचावं का? काकूंना सांगावं का? त्यांनी वही दिली ती विश्वासाने. सांगितलं तर या वयात त्यांना काय वाटेल, आणि नाही सांगितलं तर वही हातात घेताना मला काय वाटेल? तीन रात्री हेच चाललंय. एक गोष्ट सारखी मनात येते. विल्यम हर्शेलने १८०० साली तांबड्याच्या पलीकडे थर्मामीटर ठेवून हा प्रकाश शोधला, आणि हायपोत, म्हणजे फिक्सरमधल्या त्या क्षारात, चांदीचे क्षार विरघळतात हे १८१९ मध्ये शोधलं त्याच्याच मुलाने, जॉनने. अण्णा असते तर हे त्यांनाच पहिलं सांगितलं असतं. मुलाच्या हायपोने आजी पुसली, बापाच्या उजेडात ती ओळ दिसली.

तुझ्या गुडघ्याचं कळलं, जिने चढू नकोस. चिमी पास झाली याचा फार आनंद झाला, तिला माझे आशीर्वाद. नव्या नोकरीचं सविस्तर लिही, फोनवर मी नीट ऐकलं नाही.

माझं चुकलं, नंदू. त्या दिवशी चुकलं आणि नंतर दरवेळी तो विषय काढून टोचलं, ते जास्त चुकलं. मला माफ कर.

तुझाच,
विनू

ता.क. तो फोटो सोबत पाठवत नाही. ओळ अण्णांची आहे, पण दोष तुझ्यावर होता, म्हणून बघायची की नाही ते तू ठरव. हो म्हणालास तर पाठवतो. नको म्हणालास तर कार्डावरून पुसतो, आणि वही घेऊन तुझ्याकडे येतो.