लेथवरची बाहुली ओळखणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

नाव कुठे घालायचं नाही, असं तुम्ही बजावलंत म्हणून नुसतं ‘ताई’.

लेथकामावरचं ते जुनं फ्रेंच पुस्तक इंग्रजीत करून घ्यायला मी चार-पाच जणांकडे गेलो होतो. फ्रेंच सगळ्यांना उत्तम येत होतं. एकाचं नमुना पान तर इतकं सफाईदार, की मी कामच सोपवणार होतो. मग वाचलं : ‘आधी बाहुली घट्ट आवळा.’ ‘पूपे’ म्हणजे बाहुली हे खरंच, पण लेथवर ती हेडस्टॉक असते, म्हणजे काम धरून फिरवणारा भाग!

तुम्ही उलट मलाच प्रश्न टाकलेत. पुस्तक कोणत्या सालचं? आकृत्या कुठे आहेत? तेव्हा जरा रागच आला होता. सालाचं महत्त्व ‘पूस’ या लांबीच्या मापापाशी कळलं. फ्रान्सचा जुना पूस 27.07 मिलिमीटरचा, इंग्रजी इंच 25.4चा. सरसकट इंच लिहिलं असतं, तर तीन पुसांच्या दांड्यात पाच मिलिमीटर चुकले असते. म्हणजे माल भंगारात.

पण खरा ऋणी आहे तो ‘रकुई’साठी. आजच्या शब्दकोशात त्याचा अर्थ ॲनीलिंग, म्हणजे पोलाद मऊ करणं. तसं छापलं असतं, तर कुणीतरी पाणी दिलेलं हत्यार पुन्हा लालभडक तापवून सावकाश निववलं असतं आणि सगळी कठीणपणाची मेहनत वाया घालवली असती. तुम्ही अडलात ती पुढच्या ओळीवर : पोलाद पेंढ्यासारखं पिवळं दिसेपर्यंत तापवा. हा रंग सव्वादोनशे अंशांच्या आसपासचा. एवढ्यात कसलं ॲनीलिंग? हे टेम्परिंगच, म्हणजे पाणी दिलेल्या पोलादाचा ठिसूळपणा बेताने तापवून कमी करणं; जुने कारागीर त्यालाही रकुई म्हणत. स्वतः हत्याराला पाणी दिलेल्या माणसालाच ही शंका येते.

आणि तो ‘पारव्याचा गळा’! टेम्परिंगच्या त्या छटेला नुसतं ‘जांभळा’ म्हणून तुम्ही मोकळ्या झाला नाहीत. पारवा तसाच ठेवलात, शेजारी टीप दिलीत.

एका पानावरचा एक शब्द मात्र तुम्ही फ्रेंचच ठेवून समोर प्रश्नचिन्ह काढलंत, कारण तिथली आकृती फाटलेली होती. दुसऱ्या प्रतीत ती आता सापडली आहे. सोबत फोटो जोडतो आहे. सवडीने बघा, घाई नाही.

तुमचा,
प्रश्नांना वैतागलेला तोच