बाबांना फोन दे म्हण

चि. मनीषास,
अनेक आशीर्वाद.

काल तू स्टेशनात जीव द्यायला आलेल्या त्या पोरीचं दोन मिनिटांत सगळं सांगितलंस आणि "काही नाही गं, ड्युटीच होती" म्हणून फोन ठेवलास. मला डोळ्याला डोळा लागला नाही, म्हणून पहाटेच लिहायला बसले. बाबा अजून झोपलेत.

तीन लोकल गेल्या तरी ती पोरगी बाकावरून उठली नाही, हे एवढ्या गर्दीत तुझ्या पोलिसी नजरेला पडलं. शेजारी बसून "कुठं उतरायचंय?" विचारलंस आणि तिचा भाऊ येईपर्यंत हलली नाहीस. बाबांना सांगितलं, तर बोलले काहीच नाहीत. गाडी चालवायचे तेव्हाची ड्युटीची जुनी बॅग माळ्यावरून काढली, पुसली, परत ठेवली. एवढे खूश मी त्यांना फार दिवसांनी पाहिले.

अभि सांगत होता, तिकडे इंग्लंडात 2017 पासून रेल्वेची मोहीमच आहे. स्टेशनात कुणी एकटं, हरवल्यासारखं दिसलं तर साधं काहीतरी बोला, गाडीचं नाहीतर हवापाण्याचं. तेवढ्यानं मनातला जीव द्यायचा विचार तुटतो म्हणे. तुला ते कुणी न शिकवता आलं.

पण त्यानंतर तुझ्याशी कोण बोललं?

हे विचारायचं नाही असं ठरवलं होतं. तू चौथीत असताना बाबा एकदा फार उशिरा आले. मोरीत हात धुवायला गेले ते नळ सोडून उभेच राहिले. मी आमटी तीनदा गरम केली. "रनओव्हर झाली. ब्रेक मारला होता मी," एवढंच म्हणाले. त्यांच्या गाडीखाली माणूस आलं होतं. तशीच गाडी पुढे न्यावी लागली होती. ते "मारला होता मी" पुढे कितीतरी दिवस ऐकलं, इस्त्री करताना, दाढी करताना. मी काही विचारलं नाही. वाटलं, विसरतील. अजून इथं रात्री कोकण रेल्वेचा हॉर्न झाला की झोपेत त्यांची मूठ आवळते.

तुझं तसं व्हायला नको. तुझ्या वेळी सगळं निभावलं, देवाची कृपा. पण रोज निभावेल असं नाही, आणि नाही निभावलं तर तो तुझा दोष नाही. मनाच्या त्रासासाठी सरकारची टेली मानस हेल्पलाइन आहे, तिचा 14416 नंबर तू लोकांना देतेस ना? दिवसरात्र चालू, पैसे पडत नाहीत, मराठीतही बोलतात. मग स्वतः लाव की एकदा! आणि चौकीत अशा माणसांवर कुणी डाफरत असेल तर तू गप्प बसू नकोस. 2017 चा मानसिक आरोग्याचा कायदाच सांगतो की जीव द्यायला निघालेला माणूस भयंकर ताणाखाली आहे असं धरायचं, त्याला शिक्षा नाही, सरकारनं त्याची काळजी घ्यायची. दुखावलेल्या माणसाला दम देऊन कुणाचं भलं झालंय?

बघ, पोलिसाला कायदा शिकवायला लागले. रागावू नकोस. वर्दीत तू दिसतेस, तेव्हा ऊर भरून येतो आणि त्याच क्षणी पोटात गोळाही येतो.

शेजारच्या काकांबरोबर कुळथाचं पीठ पाठवतेय. रात्रपाळीहून आल्यावर पिठी करून भाताशी खा, नुसत्या चहावर झोपू नकोस.

बाबा उठले वाटतं. रविवारी फोन केलास की आधी त्यांनाच मागून घे. ते फोनवर बोलत नाहीत, ठाऊक आहे. तू त्या पोरीचं सांग, सगळं, पहिल्या लोकलपासून. ते ऐकतील.

तुझी,
आई

ता.क. रात्री झोप लागते का, ते खरं कळव.