टीव्हीवर ठेवलेलं तुळशीचं पान

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा ऑफिसात 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे'चा विषय निघाला आणि मला तो अख्खा आठवडाच आठवला. २० ऑक्टोबर १९९५, शुक्रवारी सिनेमा लागला. सोमवारी लक्ष्मीपूजन. आणि मंगळवारी, २४ तारखेला, सकाळी सकाळी सूर्यग्रहण! पणत्यांतलं तेलही वाळलं नव्हतं.

बाबा, तुम्ही त्या ग्रहणाची वाटच बघत होतात. महिनाभर आधी, २१ सप्टेंबरला, गणपती दूध प्यायला तेव्हा तुम्ही घसा कोरडा होईपर्यंत पृष्ठताण समजावत होतात आणि आजी पेला घेऊन देवळाच्या रांगेत उभी होती. त्या हरण्याचा वचपा तुम्हाला काढायचा होता. पण आई पोटुशी होती, त्यामुळे आजीही इरेला पेटली. आईनं विळी धरायची नाही, सुई धरायची नाही, खिडकीच्या पडद्यालाही हात लावायचा नाही. शेवटी तह झाला : आई घरात, आपण दोघं गच्चीवर.

पुठ्ठ्याला टाचणीनं पाडलेलं ते भोक आणि खालच्या कागदावर उमटलेला कुरतडलेला सूर्य अजून डोळ्यांसमोर आहे. त्याहून जास्त आठवतात त्या गच्चीवर झुकलेल्या आंब्याच्या सावलीतल्या कोरी. पानापानांच्या फटीतून एकेक सूर्य सांडलेला, शेकड्यांनी. तुम्ही म्हणालात, "बघ, झाडालाही भोकाचा कॅमेरा जमतो." मला फार भारी वाटलं होतं. खाली रस्त्यावर मात्र चिटपाखरू नव्हतं.

आणि घरात? १९८०च्या ग्रहणाला लोकांनी बाहेर पडू नये म्हणून दूरदर्शननं सिनेमा दाखवला होता, असं तुम्हीच सांगायचात. या वेळी त्याच दूरदर्शनवर थेट ग्रहण, आणि समजावून सांगायला शास्त्रज्ञ प्रा. यशपाल. आजीपुढे मोठाच पेच. टीव्हीवरचं ग्रहण लागतं का? पंचांगात याचं उत्तर नव्हतं. तिनं बराच विचार केला, लागत नाही असं ठरवलं, आणि तरी असू दे म्हणून टीव्हीवर तुळशीचं पान ठेवलं.

आपल्याकडे ग्रहण खंडग्रास. खग्रास पट्टा राजस्थानातल्या नीम का थानापासून बंगालच्या डायमंड हार्बरकडे गेलेला. हवाई दलाचं मिग-२५ तर फोटो काढायला पार वर चढलं होतं. आपण दोघं विज्ञाननिष्ठ माणसं गच्चीवर मान मोडून कुरतडलेली कोर बघत बसलो, आणि जिला कोंडून ठेवलं होतं तिनं पलंगावर पाय पसरून खग्रास बघितलं. सूर्य पुरता झाकला जाताना काठावर क्षणभर चमकते त्या हिऱ्याच्या अंगठीसकट! आपण खाली आलो तेव्हा आई, तू नुसती हसलीस. काय दिसलं ते मी विचारलंच नाही. मला माझ्या कोरीच सांगायच्या होत्या.

धाकट्याला ग्रहण काही लागलं नाही. आळस तेवढा आहे, पण तो आजोळचा, असं बाबांचं मत.

सिनेमा राहिलाच. "दिवाळीची गर्दी ओसरू दे, मग जाऊ," असं बाबा म्हणाले होते. मराठा मंदिरात तो हजार आठवड्यांच्याही पुढे चालला, तरी आपली गर्दी काही ओसरली नाही. पुढच्या महिन्यात मी येते आहे, तेव्हा तिघं जाऊन बघू. आणि आई, जाताना टॅक्सीत मला त्या अंगठीबद्दल नीट सांग. बाबांनाही ऐकू दे.

तुमची,
ताई